देवळं बंद होती म्हणून देव पळाला? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

मार्च आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. लॉकडाऊनची आठवण म्हणून कुणीतरी एका ग्रुपवर टाकतं आणि मग दोन दिवसांत सगळीकडे, आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, त्यात असं लिहिलंय: कोरोना आला तेव्हा देवळं, चर्च, मशिदी सगळ्यांना कुलपं लागली, उघडी राहिली ती फक्त हॉस्पिटलं. देव पळाला, डॉक्टर थांबले. श्रद्धेनं रोग पसरवला, विज्ञानानं वाचवलं. श्रद्धाळू लोक हात जोडून बसले, प्रश्न कुणीच विचारले नाहीत. आशा ही भित्र्या माणसाची अफू आहे. पटलं तर पुढे पाठवा.

मला नाही पटलं. त्यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका फिरतो, पण त्यावरून जो निष्कर्ष काढलाय तो 2020 आणि 2021 मध्ये गोव्यात जे घडलं त्याच्याशी जुळतच नाही. मी डिचोलीची, जे जवळून पाहिलं आणि जे सगळ्यांना माहीत आहे त्यावरूनच बोलते.

"देवळांना कुलपं लागली, देव पळाला."

शिरगावची जत्रा घ्या. लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते, हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, येतात, त्याआधी काही दिवस घरापासून वेगळं राहून, स्वतः रांधून, सोवळं पाळून व्रत करतात आणि मग रात्री होमखण, म्हणजे मोठी होळी, पेटतं आणि पहाटेकडे निखाऱ्यांवरून चालतात. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या धोंड आहेत त्या माणसाला "यंदा येऊ नको" म्हणणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळणं कठीण आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये ते म्हटलं गेलं आणि लोकांनी ऐकलं. 2021 च्या मे महिन्यात, दुसरी लाट ऐन भरात असताना, परत तेच. दोन वर्षं धोंड घरी राहिले. आणि त्या 2020 च्या एप्रिलमध्ये, त्याच आठवड्यात, म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरी मातेचं, फेस्तसुद्धा (वार्षिक उत्सव) लोकांविना गेलं. आमच्याकडे लईराई आणि मिलाग्रीस या बहिणी मानतात, शिरगावहून म्हापशाला आणि म्हापशाहून शिरगावला तेल-फुलं जायची पद्धत आहे, हिंदू तिथं मेणबत्ती लावतात आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. त्या वर्षी दोघी बहिणींच्या दारात माणूस नव्हता.

आता हे देव पळाल्याचं लक्षण कसं झालं ते मला कुणीतरी सांगा. मार्चमध्ये सरकारनं बंद केलं हे खरंच आहे, पण पुढचं बघा ना. 8 जून 2020 पासून केंद्रानं देवळं आणि चर्च उघडायला परवानगी दिली तेव्हा गोव्यातल्या कितीतरी देवस्थानांनी आणि चर्चांनी स्वतःहून सांगितलं की आम्ही इतक्यात उघडणार नाही. दक्षिणापेटी रिकाम्या, पुजाऱ्यांचं उत्पन्न नाही, बाहेर बसणाऱ्या फुलवाल्या बायकांचं तर सगळंच बंद, आणि तरी उघडलं नाही, कारण दर्शनाला येणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त असतात. ज्या माणसाला आपला देव फक्त गाभाऱ्यातच आहे असं वाटतं तो असा निर्णय घेऊ शकत नाही. त्या वर्षी चवथीला बरेच जण मूळ घरी गेले नाहीत, मुंबईच्या आणि पुण्याच्या लोकांनी व्हिडिओ कॉलवर आरती केली, आमच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) नेहमीसारखीच बांधली पण तिच्याखाली चारच माणसं होती. गणपती आला नाही असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

"देव पळाला, डॉक्टर थांबले. विज्ञानानं वाचवलं."

डॉक्टर थांबले हे शंभर टक्के खरं. नर्स थांबल्या, वॉर्डबॉय थांबले, अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर थांबले, 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं आणि लशीनं जीव वाचवले, यात वाद नाही. पण हे थांबलेले लोक कोण होते? आमच्याच गावांतले. माझी मामेबहीण नर्स आहे, ती ड्युटीवर निघायच्या आधी देवापाशी दिवा लावायची आणि मग गाडीला किक मारायची, तिच्यासोबतची एक जण खिशात रोझरी ठेवायची, वर पीपीई किट चढवून दोघी आठ आठ तास पाणी न पिता उभ्या. त्यांना जाऊन विचारा की तुमच्यातलं काय पळालं आणि काय थांबलं. त्यांना हा प्रश्नच कळणार नाही.

वास्कोचं उदाहरण यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दामोदर सप्ताह आपण सगळे ऐकून आहोत, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, नाव सप्ताह पण भजन चोवीस तासांचं, गावोगावचे कलाकार, वेगवेगळ्या समाजांचे पार (गात-वाजवत निघणाऱ्या मिरवणुका), रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. हा सप्ताह सुरू कसा झाला? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वास्कोत प्लेग आला, लोक हवालदिल झाले, जांबावलीला दामोदराकडे गेले, तिथून प्रसादाचा नारळ आणला आणि अखंड भजन केलं. प्लेग कशामुळे गेला यावर भाविक एक सांगतील आणि डॉक्टर दुसरं सांगतील, मला तो वाद इथे घालायचाच नाही. मला इतकंच दिसतं की ज्या गावानं प्लेगमध्ये माणसं गमावली त्या गावाला परत एकत्र उभं राहायला काहीतरी लागलं, आणि त्यांनी जे उभं केलं ते सव्वाशे वर्षं टिकलं. 2020 च्या जूनमध्ये त्याच वास्कोतलं मांगोर हिल कंटेनमेंट झोन झालं. वास्कोचा म्हटला की दुसऱ्या गावात लोक दार लावून घ्यायचे, इतकी भीती. आणि जुलैच्या शेवटी सप्ताह आला तो मोजक्या लोकांत, गर्दीविना, फेरीविना (जत्रेच्या बाजाराविना) झाला. महामारीतून जन्मलेला उत्सव दुसऱ्या महामारीत स्वतः आवरता झाला, पण तुटला नाही.

आणि ज्या काळात वास्कोकर जांबावलीला गेले जवळपास त्याच काळात, 1897 च्या जानेवारीत, मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तिकडे पुण्यात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. सावित्रीबाईंना देवभोळं कुणी म्हणणार नाही, कर्मकांडाशी त्यांनी आयुष्यभर भांडण केलं, पण त्या सत्यशोधक होत्या आणि सत्यशोधक निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा एक देव, मानायचे. श्रद्धा एका बाजूला आणि सेवा, औषध, विवेक दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करायला गेलात तर सावित्रीबाईंना कुठे बसवणार?

"श्रद्धेनं रोग पसरवला."

काही ठिकाणी पसरला, हो. 2021 च्या एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभात जी गर्दी झाली ती व्हायला नको होती, मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. अंगारा लावला की कोरोना होत नाही असं सांगणारे होते, काढे विकून पैसे करणारे होते, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्याच काळात प्रचारसभा झाल्या, डिसेंबरअखेरीस आमच्या किनाऱ्यांवर न्यू इयरची गर्दी झाली, ती काय श्रद्धेची होती? विषाणूला गर्दी लागते, गर्दी कशाची आहे हे तो विचारत नाही. आणि हे वाक्य भारतात वापरताना जरा जपून, कारण 2020 च्या मार्चनंतर निजामुद्दीनच्या मरकजवरून अख्ख्या मुसलमान समाजाला रोग पसरवणारे ठरवलं गेलं, भाजीवाल्यांना नावं विचारून हाकललं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलीगी जमातच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं दिसतं, असं स्पष्ट लिहिलं. त्यामुळे "श्रद्धेनं पसरवला" म्हणणारा माणूस शेवटी कुणाकडे बोट दाखवतोय हे एकदा तपासून घ्यावं.

"हात जोडून बसले, प्रश्न कुणीच विचारले नाहीत."

हे वाक्य गोव्याच्या बाबतीत सरळ सरळ खोटं आहे, आणि याचाच मला जास्त त्रास होतो. 2020 च्या एप्रिलमध्ये, आपण सगळे घरात बंद असताना, मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पांना वन्यजीव मंडळाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर मंजुरी मिळाली. रस्ता रुंद करणं, वीजवाहिनी. रेल्वेच्या दुसऱ्या रुळाचा प्रकल्पही त्याच जंगलातला. लोक बाहेर पडू शकत नव्हते तरी पत्रं लिहिली, चित्रं काढली, शास्त्रज्ञांनी निवेदनं दिली, आणि 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदोरला रुळांपाशी हजारो माणसं जमली आणि रात्र तिथे काढली. कॅलेंडर बघा, 1 नोव्हेंबर म्हणजे सर्व संतांचा दिवस, त्या वर्षी रविवार, आणि 2 नोव्हेंबर म्हणजे मृतांचा दिवस, ज्या दिवशी ख्रिश्चन घरातलं प्रत्येक माणूस सिमितेरीत (दफनभूमीत) आपल्या माणसांच्या थडग्यावर फुलं ठेवायला जातं. या दोन दिवसांच्या मधली रात्र सासष्टीच्या (चांदोर ज्या तालुक्यात आहे त्या) लोकांनी रुळांवर काढली. हे श्रद्धेमुळेच केलं असं मी म्हणत नाही, जमलेल्यांत सगळ्या प्रकारचे लोक होते, पण श्रद्धा असली की माणूस गप्प बसतो हे म्हणणं तिथेच संपतं. पुढे 9 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं त्या दुसऱ्या रुळाची मंजुरी रद्द केली.

मेळावलीचं तर आमच्या शेजारचं. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीला आयआयटी आणायची ठरली, लोकांच्या काजूच्या बागायती आणि जंगल त्यात जाणार होतं, 6 जानेवारी 2021 ला पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, लाठ्या, अश्रुधूर, दगड, दोन्हीकडचे जखमी. दगड मारले गेले ते चुकलंच, पोलीससुद्धा आपल्याच घरांतली मुलं आहेत. पण त्या बायका महिनोन् महिने रस्त्यावर बसल्या होत्या, ज्यांच्या अंगणात तुळस आहे आणि ज्यांचा गाव देवाला विचारल्याशिवाय पेरणीला सुरुवात करत नाही. 15 जानेवारीला सरकारनं तिथला प्रकल्प मागे घेतला. सत्तरीत आजही देवराया आहेत, केरीची आजोबाची राय (देवराई) माहीत असेल तुम्हाला, तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही कारण ती देवाची आहे. जंगल वाचवायचे कायदे व्हायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे, आणि हे लोक म्हणे हात जोडून बसतात!

"आशा ही भित्र्या माणसाची अफू."

अफू कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. 19 एप्रिल 2020 ला गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले आणि "कोरोनामुक्त गोवा" म्हणून पाठ थोपटून घेतली गेली, महिनाभरात रुग्ण परत सापडायला लागले. ती गुंगी होती, तिला आशा म्हणू नका. मग 2021 चा मे आला, टेस्ट केलेल्या दोघांतला जवळजवळ एक पॉझिटिव्ह, आणि पहाटे दोन ते सहा या वेळात ऑक्सिजनचा दाब कमी पडून माणसं जात होती. तेव्हा लोक हायकोर्टात गेले, कोर्टानं सरकारला रोज जाब विचारला. डॉक्टर रडत रडत काम करत होते, तरुण मुलं सिलेंडर शोधत फिरत होती, अनोळखी माणसांसाठी डबे जात होते. सरकारी आकड्यानुसार 15 लाखांच्या या राज्यात 4,000 च्या आसपास माणसं कोरोनानं गेली. "देव कुठे होता" हा प्रश्न ज्यांचं माणूस गेलं त्यांना पडला असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण ऑक्सिजनची व्यवस्था ही देवाची जबाबदारी नव्हती, ती पगार घेणाऱ्या आणि मतं मागणाऱ्या माणसांची होती, आणि देवाला आरोपी केलं की ही माणसं आपोआप सुटतात. या मेसेजनं नेमकं तेच होतं, त्यात एकाही जबाबदार माणसाबद्दल एक शब्द नाही.

आमच्या वाड्यावर एक काकी आहेत, त्यांचे यजमान त्याच मे महिन्यात गेले. शेवटचं दर्शन नाही, दिवसांना भटजी आणि मुलगा एवढेच, सांत्वनाला येणारे फाटकाबाहेरून बोलून गेले. काकी त्या दिवसांत रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायच्या, आधी एकट्या, मग आम्ही तीन-चार जणी आपापल्या अंगणातून म्हणायला लागलो, आवाज एकमेकींपर्यंत पोहोचेल इतक्या मोठ्यानं. त्यातून त्यांचं माणूस परत येणार नव्हतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पुढे ऑक्सिजनबद्दल चौकशी व्हावी म्हणून सह्या गोळा केल्या तेव्हा पहिली सही त्यांनी केली.

हा मेसेज गेल्या आठवड्यात त्यांच्याही फोनवर आला. कुणीतरी न वाचताच दहा जणांना ढकलला, त्यात त्या होत्या. ज्याला देव मानायचा नाही त्यानं मानू नये, त्याच्याशी मी आनंदानं चहा पिऊन गप्पा मारीन, पण पुढे पाठवायच्या आधी यादीतली नावं एकदा वाचा आणि ज्यांच्या घरचं कुणी त्या वर्षी गेलंय त्यांना तेवढं वगळा.