दमा असेल तर सिगारेट एकदम सोडू नये? साफ चुकीचं
व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की दमेकऱ्याने सिगारेट एकदम सोडली तर छाती भरते, म्हणून रोज एक-दोन चालू ठेवा. अजिबात ऐकू नका. काही आठवडे खोकला-कफ वाढू शकतो हे खरंय, कारण धुराने लुळे पडलेले श्वासनळीतले बारीक केस परत हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, माझा भाऊ पहाटे पाचला बेसिन धरून उभा असायचा, बघवत नव्हतं. पण पंप सोडू नका, धूर थांबला की त्यातलं स्टेरॉइड उलट जास्त लागू पडतं. थिओफिलिन ही दम्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, डोस कमी करावा लागू शकतो. आणि सलग वाक्य बोलता येईना, पंप घेऊनही दम उतरेना, तर लगेच हॉस्पिटल गाठा.