खुलासा: समूहगानात सगळ्यांची हृदये एका ठोक्यात धडधडत नाहीत

आमच्या गायनसमूहाच्या वर्धापनदिनाच्या मैफलीच्या निमंत्रणाला जोडून एक मजकूर फिरतो आहे: ‘एकत्र गाताना सर्वांची हृदये एकाच क्षणी धडधडतात, हे सिद्ध झाले आहे. रक्तदाबाच्या गोळ्याही सुटतात.’ हा मजकूर आम्ही लिहिलेला नाही आणि तो बरोबरही नाही.

मूळ संशोधन मात्र खरे आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१३ साली ते प्रसिद्ध केले. एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाची गती साधारण एकाच वेळी वाढत आणि कमी होत होती, एवढेच त्यात दिसले. कारण श्वास. श्वास घेताना हृदय किंचित जलद चालते, सोडताना मंदावते. आणि गाण्याची ओळ म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच. सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात, म्हणून हृदयाची लयही सोबतीने बदलते. मला तर हे फिरणाऱ्या मजकुराहून कितीतरी सुंदर वाटते.

शिवाय प्रत्येक रचनेत श्वास एकत्र नसतोच. लांब स्वर अखंड टिकवायचा असेल, तर आम्ही मुद्दाम आळीपाळीने श्वास घेतो. शेजारचा थांबला की आपण स्वर धरून ठेवायचा. मैफलीत हे कान देऊन ऐका.

गोळ्या बंद करण्याचा प्रश्न त्या अभ्यासात नव्हताच. कृपया डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, आणि तो मजकूर पुढे पाठवला असेल तर त्याच ठिकाणी हा खुलासाही पाठवा.