अनामिकेचं बलिदान

रक्तदानाला मी भीत नाही. आडवं व्हायचं, मान दुसरीकडे वळवायची. साडेतीनशे मिलिलिटर रक्त मुकाट्यानं पिशवीत जातं आणि उठताना चार लोक आपल्याकडे आदरानं बघतात. शिरेतून नमुना द्यायचा असला तरी मी बाही वर सारून तयार. पण ‘बोटातून घेऊ या, एकच थेंब हवाय’ असं कुणी म्हटलं की माझी पाचावर धारण बसते. हिशेब मांडला तर हे लाजिरवाणंच आहे. अंगात पाचेक लिटर रक्त, आणि हल्लीच्या ग्लुकोमीटरला त्यातलं एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, पुरतो. एवढ्याशा देणग्या लोक न मोजता देतात.

तरी माझ्या भीतीला शास्त्राचा आधार आहे. कोपराच्या खोबणीपेक्षा बोटाच्या टोकाला मज्जातंतूंची टोकं फार दाटीवाटीनं असतात. कापडाचा पोत, बटणाचं भोक, नोटांच्या गठ्ठ्यातली चिकटून राहिलेली दुसरी नोट, हे सगळं आपल्याला बोटांमुळेच कळतं. मग नेमकं तिथेच सुई खुपसायची? हा मुद्दा मी घरी मांडला. ही म्हणाली, “बरं.” आणि वर्तमानपत्र वाचत राहिली.

लॅबमध्ये पहिला वाद बोट कोणतं द्यायचं यावर. मी आपणहून अंगठा पुढे करतो. चांगला गुबगुबीत आहे, एखादं भोक त्याच्या गावीही नसेल. “अंगठा नको काका,” ताई म्हणाल्या. “त्याची कातडी जाड असते, शिवाय नाडी लागते.” तर्जनी दिली, तर तीही नको, तिला सारखं काम, त्यामुळे कातडी निबर, आणि दुखतंही तिथे जास्त. करंगळीला मांसच नाही, हाड लगेच लागायचं. उजव्या हातानं लिहितो-जेवतो म्हणून उजवा अख्खा हातच बाद. राहिली डाव्या हाताची मधलं बोट आणि अनामिका ही दोन. पाची बोटं सारखी नसतात हे लहानपणापासून ऐकत आलो. त्यांची अशी गुणवत्ता यादी लागत असेल याची कल्पना नव्हती. अनामिकेचा नंबर पहिला आला.

त्यातही जागा ठरलेली. अगदी शेंड्यावर नाही, मधोमध नाही. पेराच्या गादीवर, मध्यापासून जरा बाजूला. आणि पातं ठशाच्या रेषांना आडवं गेलं पाहिजे. रेषांच्या दिशेनं गेलं तर नांगरलेल्या शेतातल्या पाण्यासारखं रक्त सरीसरीतून पसरतं, थेंब धरतच नाही. हे ऐकल्यावर मला ताईंबद्दल आदर वाटला. तोवर मी समजत होतो, दिसेल तिथे टोचतात.

मग स्पिरिटचा बोळा. तो फिरवल्यावर ताई नुसत्या उभ्या. स्पिरिट वाळू द्यावं लागतं. ओलं असताना टोचलं तर चरचरतं, आणि ते रक्तात मिसळून तांबड्या पेशी फुटतात, रिपोर्ट बिघडतो. मी मदत म्हणून फुंकर घालणार होतो. “फुंकू नका! तोंडातले जंतू जातील.” हात खाली घेतला. या सबंध प्रकारात वाईट काही असेल तर ते वाळेपर्यंतचे अर्धे-पाऊण मिनिट. शिरेतून घेणारे निदान ‘मूठ आवळा’ म्हणून काहीतरी काम देतात.

लॅन्सेट दिसायला निरागस. प्लॅस्टिकची एवढीशी डबी. टेकवून दाबलं की पातं बाहेर येतं, ठरलेल्या खोलीपर्यंत जातं, आपोआप आत परततं आणि पुन्हा वापरताच येत नाही. खोली तरी किती? दोन-सव्वादोन मिलिमीटर. खट्. झालं.

झालं, पण रक्त कुठे आहे? माणूस घाबरला की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात आणि रक्त आतल्या आत दडून बसतं. म्हणजे टोचण्याची भीती बाळगली की दुसऱ्यांदा टोचून घ्यायची पाळी येते. हा न्याय कुणी केला मला माहीत नाही. ताईंनी हात खाली सोडायला लावला, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं आणि अनामिकेवर नव्हे, शेजारच्या मधल्या बोटावर पुन्हा खट् केलं. यावेळी थेंब आला. टपोरा, लालभडक, कौतुकानं बघत राहावा असा. आणि ताईंनी तो पुसून टाकला!

मी उठूनच बसलो. एवढी यातायात करून मिळवलेला थेंब! पण पहिल्या थेंबात पेशींच्या आसपासचं पाणी जास्त मिसळलेलं असतं, म्हणून तो टाकायचा आणि दुसऱ्यापासून घ्यायचं. बरं, मग दुसरा लवकर यावा म्हणून मी बोट पिळू लागलो, तर तेही चूक. पिळलं की पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढून दिसतं आणि तेच पाणी पुन्हा रक्तात उतरतं. रक्ताचं पाणी करणं म्हणतात ते हेच असावं. “काका, तुम्ही काहीच करू नका,” ताई शेवटी म्हणाल्या. आयुष्यात इतकी अवघड सूचना मला कुणी दिलेली नाही.

घरचा ग्लुकोमीटर हे वेगळं प्रकरण. तिथे टोचणारे आपण आणि ओरडणारेही आपणच. हात मात्र आधी साबणानं धुऊन कोरडे करायचे, कारण बोटाला गोडाचा अंश राहिला असला तर मशीन त्याचीही साखर मोजतं. आमच्या घरी या नियमामुळे मशीनकडून चोऱ्या उघडकीला आलेल्या आहेत.

मुलीला बाळ झालं आणि दुसऱ्या दिवशी नर्सताई त्याच्या टाचेतून रक्त घ्यायला आल्या. “बोटातून घ्या की,” मी म्हणालो. आता मला यातलं कळत होतं. तर तान्ह्या बाळाचं बोट इतकं बारीक की पातं हाडापर्यंत पोचायचं. म्हणून सहा महिन्यांच्या आत टाचच. टाचेतही मधला भाग नाही, मागची गोलाई नाही. तळव्याकडून बघितलं तर दोन्ही कडांच्या पट्ट्या तेवढ्या चालतात. मधे हाड जवळ असतं, त्याला जखम झाली तर आत जंतुसंसर्ग होऊ शकतो. या बाबतीत मी त्यांना दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्या वेळी त्यांनी मुलीकडे बघितलं.

थेंब जाणार होते एका जाड कागदावर, छापलेल्या वर्तुळांत. रॉबर्ट गथ्री या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही युक्ती काढली: टाचेतलं थोडंसं रक्त कागदावर वाळवायचं आणि फिनाइलकीटोन्युरियासारखा, अन्नातला एक घटक अंगात साठत जाणारा जन्मजात आजार बाळात लक्षणं दिसण्याआधीच पकडायचा. वेळेत आहार बदलला तर मेंदूचं नुकसान टळतं. एवढा मोठा विचार, आणि त्याची सुरुवात माझ्या नातवाला रडवण्यापासून.

रडवण्याचा बेत मात्र फसला. नर्सताईंनी टाच कोमट फडक्यात शेकून घेतली आणि मुलीला म्हणाल्या, “अंगावर घ्या त्याला.” दूध पिताना बाळाला दुखणं कमी जाणवतं म्हणे. खट् झालं, त्यानं पिणं सोडून एक दमदार हाक मारली आणि पुन्हा कामाला लागला. पहिला थेंब पुसला. पुढचे कागदाला टेकवून एकेक वर्तुळ भरत गेलं, आरपार भिजेपर्यंत. एकावर एक थेंब टाकून डागडुजी चालत नाही. बाळ काहीच करत नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत झालं. मी मात्र पलंगाची कड घट्ट धरून उभा होतो आणि मला खुर्ची आणि पाणी देण्यात आलं.

नर्सताईंनी पाय वर उचलून टाचेवर कापूस दाबून धरला. रक्त थांबलं.

“पट्टी?” मी विचारलं.

“नाही लावत आजोबा. कातडी नाजूक असते, आणि सुटून तोंडात गेली तर घशात अडकायची.”

“मग ती मला द्या,” मी म्हणालो. सकाळी घरी साखर तपासली होती आणि अनामिकेकडे अजून कुणीच बघितलं नव्हतं.