गर्भारणीला घाबरवून साबण विकणाऱ्यांविषयी

आज दुपारी आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात 'विषमुक्त घर' या विषयावर व्याख्यान झाले. वक्त्या बाईंनी बिस्फेनॉल-ए (कडक प्लास्टिक बनवण्याचे द्रव्य), थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारे व सुगंध टिकवणारे), पॅराबेन (क्रीम-शाम्पू खराब होऊ न देणारे) अशी नावे घेत वंध्यत्वापासून थायरॉईडपर्यंत सगळ्याचे खापर आमच्या न्हाणीघरावर फोडले आणि शेवटी टेबलावर मांडलेली 'केमिकल-फ्री' उत्पादने सवलतीत विकली. श्रोत्यांत शेजारची सून होती, सहावा महिना लागलेली. संध्याकाळी ती शाम्पू, क्रीम, साबण, टूथपेस्ट यांनी भरलेली पिशवी घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, यातले काय काय फेकू?"

ही द्रव्ये शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतात ही शंका खोटी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. संप्रेरके इतक्या सूक्ष्म प्रमाणात काम करतात की त्यांची नक्कल करणारे द्रव्य थोडे असले तरी गोंधळ घालू शकते, आणि गर्भाची जडणघडण चालू असताना ही भीती अधिक असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बिस्फेनॉल-एची रोज चालेल अशी मात्रा आधीच्या वीस हजाराव्या हिश्श्याइतकी खाली आणली. तेव्हा बाईंचे म्हणणे पुष्कळसे बरोबर होते, हे नाइलाजाने मान्य करते.

पण ती पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली आणि माझे डोके फिरले. पॅराबेन निदान नावानिशी छापलेले असते, मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना. सुगंधाच्या जागी मात्र 'परफ्यूम' एवढेच लिहिलेले असते, आणि त्याआड कोणकोणती द्रव्ये आहेत, वास टिकावा म्हणून त्यात थॅलेट घातले आहे की नाही, हे आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या मलाही वेष्टनावरून कळत नाही. मग अवघडलेल्या त्या पोरीने दुकानात उभे राहून नेमके काय वाचायचे? स्वयंपाक, नोकरी, डॉक्टरांच्या फेऱ्या, आणि आता वर हे संशोधनही तिनेच करायचे! तिच्या नवऱ्याला या व्याख्यानाचे बोलावणेसुद्धा नव्हते.

बाळाच्या दुधाच्या बाटलीचे काय झाले ते आठवा. युरोपीय संघाने 2011 मध्ये आणि आपल्या मानक ब्यूरोने 2015 च्या सुधारित मानकात अशा बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए काढून टाकायला लावले. कोणत्याही आईला त्यासाठी भिंग घेऊन बसावे लागले नाही. अमेरिकेत 2016 मध्ये जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसान हे जंतू मारणारे द्रव्य गेले, कारण साध्या साबणापेक्षा ते अधिक गुणकारी आहे हे उत्पादकांना दाखवता आले नाही. काम असे वरून व्हायला हवे. कायद्यातूनही पळवाटा निघतात हे खरे; बिस्फेनॉल-एच्या जागी त्याचेच भावंड बिस्फेनॉल-एस आले आणि डब्यावर 'बीपीए-फ्री' (म्हणजे बिस्फेनॉल-ए नसलेले) असे मिरवू लागले. म्हणून तर एकेका द्रव्यापुरता नव्हे, त्या सबंध कुळापुरता नियम हवा.

तिला मी थोडेच सांगितले. टूथपेस्टमध्ये ट्रायक्लोसान नाही एवढे पाहून ती परत दिली. बॉडी स्प्रे आणि रूम फ्रेशनर मात्र बाजूला ठेवायला लावले, कारण त्यांच्यावाचून कोणाचेच काही अडत नाही. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरू नकोस, मायक्रोवेव्हमध्ये काचेचे भांडे वापर, आणि थॅलेट घरातल्या धुळीतही साचत असल्यामुळे कोरड्या केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसणे चांगले. ते पुसणे नवऱ्याकडे सोपव. यावर ती त्या दिवसभरात पहिल्यांदा हसली. "म्हणजे बाळाला आत्तापर्यंत काही झाले नसेल ना?" असे तिने हळूच विचारले, तेव्हा त्या वक्त्या बाई समोर असत्या तर मी काय बोलले असते ते येथे लिहिण्यासारखे नाही. एका शाम्पूने बाळाचे काही बिघडत नाही, बाई, आपण सतत होणारा मारा कमी करतो आहोत, एवढेच मी तिला म्हटले.

आणि हो, त्यांनी विकलेले 'नैसर्गिक' लोशन लॅव्हेंडर तेलाचे होते. त्या तेलाच्या संप्रेरकांवरील परिणामाविषयीही संशोधकांनी शंका घेतलेली आहे; ती वादग्रस्त आहे, पण व्याख्यानात तिचा उल्लेखही नव्हता.

सभागृहात सर्वांना पाणी दिले ते मात्र ओरखडे पडलेल्या, दारातल्या उन्हात ठेवलेल्या वीस लिटरच्या जारमधून. त्याच्या तळाशी पॉलिकार्बोनेटची खूण होती, म्हणजे बिस्फेनॉल-एपासूनच बनणारे प्लास्टिक, आणि जुनेपणाने व उष्णतेने ते बिस्फेनॉल-ए पाण्यात अधिक उतरते. हे जार बदलून स्टीलची टाकी घ्यावी असे पत्र मी चिटणीसांना आजच दिले आहे. रविवारच्या सभेत विषय येईल. पुरुष सभासदांनीही हजर राहावे.