एका वर्षात ग्रॅच्युइटी आणि बारा तासांची ड्युटी: त्या मेसेजमधलं खरं किती?

दिवाळीची सुट्टी संपवून माणसं कामावर रुळत होती, तेवढ्यात तो मेसेज आला. आधी जळगाव एमआयडीसीतल्या दालमिलवाल्यांच्या ग्रुपवर, मग चटई कारखान्यांच्या, आणि दोन दिवसांत आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा:

"नवा कामगार कायदा लागू! १) आता सगळ्यांना एका वर्षात ग्रॅच्युइटी. २) रोज १२ तास ड्युटी, ४ दिवस काम, ३ दिवस सुट्टी. ३) प्रत्येकाचा हातात येणारा पगार कमी होणार. ४) मालक कोणालाही कधीही काढू शकतो. ५) बायांना रात्रपाळी सक्तीची. ६) छोट्या कारखान्यांना यातलं काहीच लागू नाही. दहा कामगारांपर्यंत पोहोचवा."

मी पगारपत्रकं करतो. चार-पाच छोट्या कारखान्यांची हजेरी, पीएफ, बोनस माझ्याकडे असतं. त्यामुळे मेसेज वाचून झाला की लोक माझ्याकडे येतात. पहिला आला तो एका दालमिलमधला हमाल. दारातच उभा राहून म्हणाला, "आप्पा, आते मन्हा पगार कमी व्हई का?"

कायदा खरंच बदलला आहे. वेतन संहिता २०१९ मधली आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य या तीन संहिता २०२० मधल्या. अशा चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि जुने २९ कायदे त्यांत विरले. मेसेज निखालस खोटा असता तर पुसून मोकळं होता आलं असतं. पण त्यात निम्मं खरं आहे, आणि जे निम्मं खोटं आहे ते बरोबर त्या जागी आहे जिथे कामगाराचे पैसे अडकलेले असतात.

"सगळ्यांना एका वर्षात ग्रॅच्युइटी." नाही. कायम कामगाराला आजही सलग पाच वर्षं भरावी लागतात. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ती अट नाही. एका वर्षाची सवलत आहे ती ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर घेतलेल्यांना. त्यांनी करारावर एक वर्ष भरलं की केलेल्या काळाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. शिवाय तेच काम करणाऱ्या कायम माणसापेक्षा त्यांना कमी पगार देता येत नाही. ही दुसरी गोष्ट मेसेजमध्ये नाही, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे.

इथे एक गोम आहे. आपल्याकडे घर भाड्याने देताना करतात तसा अकरा महिन्यांचा कागद कारखान्यातही चालतो. अकरा महिने झाले की पंधरा दिवस "ब्रेक", मग नवा कागद. एक वर्ष भरूच द्यायचं नाही. जुन्या कायद्यात २४० दिवस भरले की वर्षभराची सलग सेवा धरली जायची, ते भरू नयेत म्हणून ब्रेक द्यायचे, आता वर्ष भरू नये म्हणून देतील. तेव्हा "एका वर्षात ग्रॅच्युइटी" या बातमीवर पेढे वाटण्याआधी आपल्या हातातला कागद किती महिन्यांचा आहे ते बघा. कागदच नसेल तर तोच आधी मागा. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे नेमणूक पत्र देणं मालकाला आता बंधनकारक आहे.

रक्कम किती होते तेही लोकांना माहीत नसतं. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तेरा हजार पगार असेल तर दिवसाचे ५००, वर्षाला ७,५००. पाच वर्षं झाली की ३७,५००. ही रक्कम मालकाच्या खिशातून येते, कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. एका ठिकाणी मी पगाराच्या स्लिपवर "ग्रॅच्युइटी कपात" असा रकाना पाहिला आहे. विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतो.

"रोज १२ तास, ४ दिवस काम." हे बारा कुठून आले ते सांगतो. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली, तीही कामगाराची लेखी संमती असेल तर. दुकानं आणि आस्थापनांसाठी ९ चे १०, आणि तेही वीस किंवा जास्त माणसं असतील तिथेच. पेपरात मथळा आला "आता बारा तास काम", आणि दोन महिन्यांनी केंद्राच्या संहिता आल्यावर लोकांनी दोन्ही बातम्या एकत्र कालवल्या. केंद्राच्या संहितेत दिवसाचे आठ तासच आहेत. आठवड्याचे अठ्ठेचाळीस. बारा-बारा तासांचे चार दिवस भरले तरी बेरीज अठ्ठेचाळीसच होते, म्हणून ती सोय शक्य आहे, सक्ती नाही. आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने, कामगाराची संमती असेल तरच.

आता खरी गंमत. आमच्याकडे सीझनला, म्हणजे तूर-हरभऱ्याची आवक सुरू झाली की, बारा तासांची पाळी काही नवी नाही. वर्षानुवर्षं चालू आहे. तिला "दीड हजेरी" म्हणतात. पाचशे रुपये रोज असेल तर बारा तासांचे साडेसातशे. मालकही खूश, कामगारही खूश, कारण अडीचशे जास्त मिळाले. कायद्याने हिशेब मांडला तर आठ तासांचे ५००, म्हणजे तासाला साडेबासष्ट. पुढचे चार तास दुप्पट, म्हणजे तासाला १२५, चार तासांचे आणखी ५००. एकूण हजार. दीड हजेरी नाही, दोन हजेऱ्या. दर पाळीला अडीचशे रुपये राहून जातात, आणि महिन्यात अशा वीस पाळ्या झाल्या तर पाच हजार. जुन्या कारखाना कायद्यातही दुप्पटच होतं. मेसेजने लोकांना घाबरवलं ते बारा तासांना. चार तासांचा अर्धा पैसा वर्षानुवर्षं बुडतोय, त्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

"प्रत्येकाचा हातातला पगार कमी होणार." त्या हमालाला मी काय सांगितलं? त्याचा नाही होणार. त्याला रोजावर पैसे मिळतात, भत्ता-बित्ता काही नाही, पूर्ण रक्कम मूळ पगारच आहे. ज्याचा पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर आधीच कापला जातो, म्हणजे महिन्याला १,८००, त्याचाही होणार नाही, मालक-कामगारांनी स्वतःहून जास्तीचं ठरवलं नसेल तर. ही पंधरा हजारांची मर्यादा २०१४ पासून आहे आणि संहितांनी ती हलवलेली नाही. डिसेंबरमध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयानेही हेच स्पष्ट केलं.

मधल्या काही जणांचा मात्र होईल, हे कबूल केलं पाहिजे. नव्या व्याख्येत भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरायचा. समजा कोणाचा एकूण पगार २२,००० आहे: मूळ ७,००० आणि घरभाडं, प्रवास, अमुक-तमुक भत्ते १५,०००. आजवर पीएफ सात हजारांवर कापला, ८४०. आता निम्म्याच्या वरचे ४,००० मूळ पगारात येतील, म्हणजे पीएफ ११,००० वर, १,३२०. हातात ४८० रुपये कमी, बरोबर. पण तेवढेच ४८० मालकालाही भरावे लागतील, आणि पुढे ग्रॅच्युइटीही सातऐवजी अकरा हजारांवर मोजली जाईल. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवायचे ही युक्ती पगारपत्रकं करणाऱ्यांनीच मालकांना शिकवली. मीही शिकवली आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना सरसकट दिले जाणारे भत्ते पीएफमधून वगळता येणार नाहीत असं सांगितलं, तरी आमच्याकडे ती चालूच राहिली.

"मालक कोणालाही कधीही काढू शकतो." कारखान्यात कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, ती शंभर कामगारांपासून. आता तीनशेपासून. शंभर ते तीनशे माणसं असलेल्या कारखान्यांतल्या कामगारांचं संरक्षण यात गेलं. त्यावर संघटना ओरडतायत त्यात चूक काही नाही. धुळे-शिरपूरकडच्या सूत आणि कापडाच्या धंद्यात अशी संख्या असते.

पण चाळीस माणसांच्या दालमिलला ती परवानगी आधीही लागत नव्हती. खान्देश मिलच्या जागी मॉल उभा राहिला तेव्हापासून आमच्या जळगावात हजार माणसांची हजेरी घेणारा भोंगा कोणी ऐकला नाही. इथला बहुतेक कामगार आधीपासून शंभरच्या खालच्याच कारखान्यात आहे. त्याच्यासाठी जे होतं ते आहेच: वर्षभर सलग काम केलेल्याला कपात म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार भरपाई. शेवटी आला तो आधी जाणार, हाही नियम आहे. नवीन भर म्हणजे काढलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकायला म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार एका निधीत भरायचा, आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराला मिळायचा. "कधीही काढू शकतो" असं ऐकून जो माणूस निमूट घरी जातो, त्याचे हे पैसे मागायलाच कोणी उरत नाही.

बायांच्या रात्रपाळीबद्दल दोन ओळी पुरे. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम, बाईची संमती असेल तरच, आणि सुरक्षिततेच्या अटी पाळूनच. सक्ती कुठेही नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या धंद्यात किंवा जिनिंगवर बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी धरतात. सारख्या कामाला वेगळा दर चालणार नाही हे वेतन संहितेत स्पष्ट लिहिलंय, पण ते कोणी फॉरवर्ड केलं नाही. आणखी एक: सामाजिक सुरक्षेसाठी "कुटुंब" मोजताना आता नोकरी करणाऱ्या बाईवर अवलंबून असलेले सासू-सासरेही धरता येतात. आमच्याकडे सून कमावते आणि सासू घर सांभाळते अशी घरं काही थोडीथोडकी नाहीत.

राहिला शेवटचा दावा, "छोट्यांना काहीच लागू नाही." हा मालकांच्या ग्रुपवर जास्त फिरला. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला केंद्राच्या जुन्या कायद्यात दहा कामगार पुरायचे, संहितेत वीस लागतात. कंत्राटी कामगारांचे नियम केंद्राच्या जुन्या कायद्यातल्या वीसऐवजी पन्नासपासून सुरू होतात. छोट्याला यात खरंच सूट मिळाली आहे. पण किमान वेतन आणि पगार वेळेवर देणं हे एक माणूस ठेवला तरी लागू. आधी किमान वेतन सरकारी यादीतल्या धंद्यांनाच होतं, आता सगळ्यांना आहे. चहाच्या टपरीवरच्या पोऱ्यालाही, मोबाइलच्या दुकानातल्या मुलालाही. दहा माणसांवर ग्रॅच्युइटी. वीसवर पीएफ आणि बोनस. बरेच मालक हजेरीपटावर नऊच नावं ठेवतात आणि बाकीची ठेकेदाराच्या वहीत. ती वही ठेकेदाराच्या नावाची असली तरी पगार थकला की द्यायची जबाबदारी शेवटी कारखान्याच्या मालकावरच येते.

मेसेजमध्ये अजिबात नसलेली एक तरतूद मला मात्र फार कामाची वाटते. कामगाराने राजीनामा दिला किंवा त्याला काढलं, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. आजवर काढलेल्याला तसं होतं, स्वतः सोडणाऱ्याला "पुढच्या महिन्याच्या पगारात बघू" म्हणत दीड-दोन महिने हेलपाटे मारायला लावायचे.

गेल्या महिन्यात माझ्याच एका मालकाकडच्या पॅकिंगवाल्या मुलाने शनिवारी संध्याकाळी काम सोडलं. मी मालकाला म्हटलं, "शेठ, याचा पगार मंगळवारी द्यावा लागेल." शेठ म्हणाले, "आप्पा, तो मेसेज मीपण वाचलाय. त्यात असं कुठेच नव्हतं."