टीसीएलने डोह शुद्ध होत नाही, रिकामा होतो

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. 'नदी सर्वांची, मग बंदी कुणाची?' असं वर ठळक अक्षरात. नदीत ब्लीचिंग टाकून, करंट सोडून किंवा जिलेटिन उडवून मासे मारण्यावर बंदी मागणारे लोक गरिबाच्या ताटातला मासा काढून घ्यायला निघालेत, असं त्याचं म्हणणं. खाली मुद्दे: ब्लीचिंगने पाणी उलट शुद्ध होतं, शॉकने फक्त मोठे मासे मरतात, वाडवडीलही नदीत विष घालत, पाऊस पडला की मासे परत येतात, नदी खरी मारतात ते कारखाने, आणि असा कायदाच नाही. पाठवणारे कोण, तर आमचे अण्णा, ज्यांनी जन्मात पाग (फेकायचं जाळं) आणि गळ सोडून दुसरं काही हातात धरलं नाही! त्याखाली धाकट्या चुलतभावाने विचारलंय, "मग दादा, यंदा टाकायला हरकत नाही ना?"

हरकत आहे रे बाबा. आणि सगळ्यात जास्त त्या 'शुद्ध पाण्या'ला आहे.

ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे हीच ब्लीचिंग पावडर, टाकते, म्हणून ते नदीलाही चांगलं, असा हा हिशेब. नळाच्या पाण्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं, असं आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं. माणसाला ते बाधत नाही, कारण ते पोटात जातं. मासा तेच पाणी कल्ल्यांतून घेतो, आणि क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचाच जाळतं. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्याला विचारा, तो नळाचं पाणी थेट टाकीत ओततो का. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी क्लोरीनची मर्यादा ठरवली आहे. थोड्या वेळापुरती म्हटली तरी ती लिटरला 0.019 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या नळाच्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आता डोहाचं गणित करू. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, दोन मीटर खोल असा मे महिन्यातला डोह धरला, तर पाणी चार लाख लिटर. त्यात पाच किलो पावडर पडली. ताजी असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा क्लोरीन. आपण दीड किलोच धरू. लिटरला पावणेचार मिलिग्रॅम होतात, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळजवळ दोनशे पट. पावडर जुनी, अर्धी उडून गेलेली असली तरी शंभर पट! आणि टाकणारा काही तराजू घेऊन येत नाही, पिशवी फाडतो आणि ओततो.

पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कपारीतली वाम बाहेर येऊन काठाच्या चिखलात वळवळते, खेकडे पाणी सोडून दगडांवर चढतात, झिंगे काठाशी गोळा होतात. मोठे मासे पिशवीत भरून मंडळी निघून जातात. बोटाएवढी पिल्लं डोळे पांढरे होऊन तशीच पडतात, ती कुणालाच नको असतात. दोन दिवसांनी तळाशी गेलेले फुगून वर येतात. त्याच डोहावर गुरं पाण्याला येतात आणि बायका धुणं धुतात. याला शुद्धीकरण म्हणायचं असेल तर म्हणा.

'पाऊस पडला की मासे परत येतात.' येतात, पण कुठून? ढगातून पडत नाहीत. आपल्या कोकणातल्या बहुतेक नद्या फेब्रुवारी-मार्चनंतर वाहायच्या थांबतात आणि पाणी उरतं ते डोहांत नि कोंडांत. अख्ख्या नदीचं बियाणं उन्हाळाभर तिथे दडून असतं. मृगाचं पाणी आलं की हेच मासे वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसातल्या चढणीला, ओढ्यांत, शेतांत चढतात आणि अंडी घालतात. ब्लीचिंग आणि जिलेटिनवाले नेमके कधी येतात? एप्रिल-मेमध्ये, डोह आटून मासे एकवटलेले असतात तेव्हा. पागाने डोह रिकामा होत नाही, कपारीतला मासा वाचतोच. विष कपारीतही शिरतं. एक डोह असा धुतला की त्या टप्प्यात चढणीला निघायला मागे कोण उरतं?

आणि 'सरकार नदीत माशांचं बीज सोडतं' म्हणणाऱ्यांनी ते बीज बहुतेक वेळा रोहू-कटल्याचं असतं, हे लक्षात घ्यावं. ते गंगेकडचे मासे. आपला खवल, मळ्या, शिंगटी त्या पिशवीतून येत नाहीत.

शॉकबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे, हे कबूल करतो. पाण्यात करंट सोडला की लांब माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत विजेचा दाब जास्त पडतो, म्हणून मोठा मासा आधी सापडतो. पण मोठा मासा म्हणजेच अंडी घालणारा मासा. मोठी मादी सर्वात जास्त अंडी देते. शास्त्रज्ञ माशांच्या गणतीसाठी वीज वापरतात ती मोजून-मापून, मासा शुद्धीवर येईल अशी. आकडा टाकून घेतलेली 230 व्होल्टची घरगुती वीज माशाचे स्नायू इतक्या जोरात आखडते की पाठीचा कणा मोडतो, आणि कित्येक मासे वर न येता तळाशी बसून तिथेच मरतात. माणसं मेल्याच्या बातम्याही आपण वाचतोच. वरच्या अंगाला तार टाकलीय हे खाली पाण्यात उतरलेल्याला कसं कळणार?

वाडवडिलांचं म्हणाल तर तेही खोटं नाही. गेळफळं कुटून, रामेठ्याचा पाला ठेचून ओढ्यात टाकत. पण ते गावाने ठरवून, एखाद्या आटत्या डबक्यात, वर्षातून कधीतरी, आणि मासा वाटून घेतला जाई. त्याच वाडवडिलांनी महाडजवळचा वाळणकोंड आणि वैतरणा नदीवरचा तिळसे इथला डोह देवाच्या नावाने राखून ठेवले, तिथे आजही माशाला कुणी हात लावत नाही. हा दाखला मात्र फॉरवर्डवाल्याला सुचला नाही.

कारखान्यांचं सांडपाणी जास्त मासे मारतं, हेही खरंच. लोट्याचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतले मेलेले मासे हे प्रकरण आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण म्हणून आपण आपल्या डोहात पिशवी ओतायची, हे कुठलं उत्तर?

राहिला कायदा. स्फोटकं वापरून किंवा पाण्यात विष घालून मासे मारणं हा इंग्रजांच्या 1897 च्या मासेमारी कायद्यातच गुन्हा ठरवला गेला, कलम 4 आणि 5. शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. तेव्हा 200 रुपये ही रक्कम होती. नदी-नाल्यात विषारी पदार्थ सोडायला 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 24 ने मनाई आहे. विजेचा शब्द 1897 च्या कायद्यात नाही, तेव्हा गावात वीजच नव्हती. पण आकडा टाकणं 2003 च्या वीज कायद्याने चोरी आहे, कलम 135, तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा धाकट्या, अण्णांकडून पाग शिकून घे. आणि अण्णा, तो मेसेज ग्रुपवरून काढा, पोरं तुमचं नाव बघून खरं मानतात.