‘स्वस्तातली एकनळी घ्या आणि डुकरं मारा’ या सल्ल्याबद्दल

भातं पोटरीला आली की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला न चुकता फिरू लागतो. मथितार्थ असा: शेतीसंरक्षणाचा परवाना काढा, दुनळी किंवा पंप अ‍ॅक्शनच्या (पुढचा दांडा मागेपुढे ओढून काडतूस बदलणाऱ्या बंदुकीच्या) नादी न लागता स्वस्तातली एकनळी, म्हणजे एकाच नळीची छऱ्याची बारा बोअर बंदूक घ्या. रानडुक्कर मारायला कायद्याची आडकाठी नाही. एकनळी हलकी, सोपी आणि सगळ्यांत सुरक्षित. नेम असेल तर एका बारात काम होतं, पन्नास-साठ मीटरवरचं डुक्कर जागेवर लोळतं. आणि मटण वाडीत वाटून टाका.

हे पुढे पाठवणारे बहुतेक जण नुकसानीने वैतागलेले शेतकरी असतात आणि त्यांचा राग खोटा नाही. एका रात्रीत कळप कापणीला आलेला कुणगा नांगरल्यासारखा करून जातो. पण सल्ला चुकीचा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी चुकीचा आहे.

परवान्याचं आधी घेऊ, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना. तो 1959 च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हादंडाधिकारी देतात. डुक्कर मारायची मुभा हा वेगळा कागद, वेगळ्या खात्याचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये येतं, आणि त्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम 11 खाली मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ आणि ‘लेखी’, दोन्ही शब्द नीट वाचावेत. कपाटात शस्त्र परवाना आहे म्हणून ही परवानगी आपोआप मिळत नाही. ‘आमच्या आजोबांकडे शिकारीचं लायसन होतं’ हे खरं असेलही, पण ती लायसनं 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली.

शिवाय कायद्यातली ‘शिकार’ म्हणजे फक्त जनावर पडणं नव्हे. हाका घालून जनावर उठवणं, फासा लावणं, आमिष टाकणं आणि नुसता प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. म्हणजे बार हुकला तरी गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर, दोषी ठरलात तर न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पुढची पाच वर्षं नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. ज्या बंदुकीच्या जोरावर हे सगळं करायचं, ती पहिली जाते.

मटणाचं तर एका वाक्यात संपतं: परवानगीने मारलेलं डुक्करही कलम 39 प्रमाणे सरकारी मालमत्ता असतं, ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचं.

आणखी एक बारकावा या मेसेजात कधीच नसतो. शस्त्र कायद्याचं कलम 13 पीकसंरक्षणासाठी आधी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचं नाव घेतं. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची (आतून आटे नसलेली) बंदूक देता येते. तेव्हा ‘ठासणीची टाका, एकनळी घ्या, परवाना तोच’ हे साफ खोटं. परवान्यावर शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो. तुमच्या भागात अर्ज कितपत मंजूर होतात हे दुकानदाराला नव्हे, कलेक्टर कचेरीत विचारा.

आता धरून चालू की सगळे कागद हातात आहेत. तरी ‘पन्नास-साठ मीटरवर लोळतं’ हे कुठून आलं? एसजीच्या, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसात साधारण आठ-नऊ दाणे (छरे) असतात, प्रत्येक आठ मिलिमीटरहून थोडा जाड. फुल चोक, म्हणजे तोंडाशी पुरती आवळलेल्या नळीचं जुनं माप असं की 40 यार्डांवर, म्हणजे 36 मीटरच्या आसपास, 30 इंची वर्तुळात 70 टक्के दाणे पडावेत. नऊचे 70 टक्के म्हणजे सहा. 30 इंच म्हणजे 76 सेंटिमीटर, आणि डुकराच्या काळीज-फुफ्फुसाची जागा फार तर 25 सेंटिमीटरची. ती त्या वर्तुळाचा जेमतेम नववा हिस्सा. दाणे मध्याकडे थोडे दाट पडतात हे मान्य केलं, तरी जिथे लागायला हवा तिथे एखादा दाणा लागला तर लागला. बाकीचे पोटात, पायात किंवा मातीत. हे 36 मीटरचं गणित आहे, साठचं नव्हे. थोराड नराच्या खांद्यावर घट्ट कूर्चेसारखं जाड कातडं असतं, ते धरलेलंच नाही. छऱ्याच्या बंदुकीने डुकराला 25 मीटरच्या पलीकडे बार टाकूच नये असं माझं मत आहे, आणि बाजू दाखवून आडवं उभं नसेल तर त्याच्या आतही नाही. पाखरांची 4 नंबरची, बारीक छऱ्यांची काडतुसं घेऊन डुकरावर जाणाऱ्यांबद्दल काय लिहावं?

आणि म्हणूनच ‘एक बार पुरतो’ हा या सल्ल्यातला सगळ्यांत घातक भाग आहे. तो शिकारीच्या जुन्या गप्पांतून आला आहे, आणि त्या गप्पांत हुकलेले बार कोणी सांगत नाही. पोटात दाणे गेलेलं डुक्कर पडत नाही, ते करवंदीच्या जाळीत शिरतं. तिथे कधी दोन दिवसांनी मरतं, कधी शोधायला आलेल्याच्या मांड्या फाडतं. दुनळीचा दुसरा बार चैनीसाठी नसतो, पहिला वाईट लागला तर जनावर लगेच पाडण्यासाठी असतो. एकनळीत त्या वेळी काय करावं लागतं ते बघा: कळ दाबायची, नळी मोडायची, रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं, नळी मिटायची, घोडा चढवायचा. स्वस्तातल्या बऱ्याच एकनळ्यांत रिकामं काडतूस बाहेर फेकलं जात नाही, नुसतं चार-पाच मिलिमीटर वर येतं आणि नखाने ओढावं लागतं. कागदी काडतूस पावसाळी हवेत फुगलेलं असेल तर तेही हलत नाही. सरावलेल्या माणसाला दिवसाउजेडी या सगळ्याला पाच-सहा सेकंद. रात्री, दातात बॅटरी धरून, किती लागतील?

‘सगळ्यांत सुरक्षित’ हे अर्धं खरं आहे. नळी मोडून हातावर टाकली की बंदूक रिकामी आहे हे दहा पावलांवरून दिसतं. गडगा ओलांडताना, राखणीच्या माळ्यावर चढताना, दोघे बरोबर चालताना हा मोठा गुण आहे. पण बाहेर घोडा असलेल्या जुन्या एकनळ्यांत घोडा काडतूस पेटवणाऱ्या सुईवरच टेकून राहतो. भरलेली बंदूक निसटून घोड्यावर पडली तर बार होऊ शकतो. चढवलेला घोडा अंगठ्याने उतरवताना, तोही घामाने किंवा पावसाने ओला असताना, अंगठा सटकला तरी तेच. घोडा उतरवायचा तर आधी नळी मोडून काडतूस काढावं. ‘डुक्कर समजून’ सोबतचाच माणूस मारला गेल्याच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतो. अंधारात हललेल्या झुडपावर बार टाकणाऱ्याला कुठलीच बंदूक सुरक्षित नाही.

हलकेपणाची तारीफ करणाऱ्याने तिच्यातून एसजीचे पाच बार ओळीने काढून दाखवावेत. काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. सव्वातीन किलोच्या दुनळीच्या जागी पावणेतीन किलोची एकनळी घेतलीत, तर खांद्यावर जवळजवळ अठरा टक्के जास्त दणका बसतो. मग माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि नेम हुकला की दोष काडतुसाला देतो.

राहिला स्वस्तपणा. नवी एकनळी दुनळीपेक्षा स्वस्त असते, यात वाद नाही. पण या सल्ल्यामागे बहुधा कोणाची तरी जुनी विकायची असते. तशी बघायला गेलात तर नळी मोडून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. चकचकीत नळीत कुठे अंगठीसारखं काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे: कधीतरी चिखल, चिंधी किंवा कुंभारमाशीचं घर आत असताना बार काढलेला. वर्षभर भिंतीला टांगलेल्या बंदुकीत कुंभारमाशी घर करते, म्हणून हंगामाचा पहिला बार काढण्याआधी गज फिरवतात. मग पुढचं लाकूड काढून नळी मिटलेल्या अवस्थेत हलवून बघा. बिजागरीत खडखड असेल तर हात जोडून परत या. नळीवर चेंबरचं (काडतूस बसतं त्या जागेचं) माप कोरलेलं असतं तेही वाचा. जुन्या विलायती बंदुका 65 मिलिमीटरच्या असतात, त्यांत 70 चं काडतूस बसतं, पण बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. ‘बसतंय ना, मग चालतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून काहीच घेऊ नये.

एकनळी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. राखणीला काढलेले बहुतेक बार हवेतच जातात, डुकरं बांधापासून पांगवायला, आणि त्या कामाला एकनळी पुरते, ठासणीचीही पुरते. पीक वाचवणं एवढाच हेतू असेल तर बंदुकीच्या आधी सौर कुंपणाचा हिशोब करा. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी अनुदानाची योजना आहे, वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारणा होते. खालची तार जमिनीपासून वीतभरच वर ठेवा आणि तारेला टेकणारं गवत दर पंधरवड्याला कापा, नाहीतर सगळा झटका गवतातून जमिनीत जातो आणि डुक्कर खालून निघून जातं. घरच्या मीटरवरून थेट करंट मात्र तारेत कधीच सोडू नका, त्याने माणसं मेली आहेत. नुकसान झालंच तर बांध सारखा करायच्या आधी फोटो काढा, अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. आणि तरीही डुक्कर मारण्यावाचून इलाज नाही असं ठरलं, तर लेखी परवानगी घेऊन, ज्याच्या बंदुकीत दुसरा बार आहे आणि ज्याचा हात सरावलेला आहे, अशा माणसाला बोलवा.